ढोल, संबळ आणि एक कॉम्प्रेसर: घरच्या मिक्समध्ये ॲनलॉग कसं आणायचं

अख्खं गाणं कंप्युटरमध्ये मिक्स करता येतं आणि उत्तम करता येतं, हे आधीच सांगून टाकतो. बाहेरची पेटी, म्हणजे आवाज फिरवायचं खरं यंत्र, घेतल्याशिवाय आपलं काही होणार नाही, अशा समजुतीने कुणी हप्ते पाडून घ्यायला नकोत. तरीही ढोल आणि गाणाऱ्याचा आवाज मी वायरने बाहेर काढतो, एका खऱ्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे मोठे आवाज दाबून बाकीच्यांच्या जवळ आणणाऱ्या पेटीतून, फिरवतो आणि परत आत घेतो. ढोलाचा ठोका खऱ्या सर्किटवर आदळला की त्याचं टोक जसं बसतं, ते मला आवडतं. पण खरं कारण दुसरंच आहे. बाहेरून फिरून आलेला आवाज रेकॉर्ड केला की तो विषय मिटतो. प्लगइन, म्हणजे कंप्युटरमधली सॉफ्टवेअरची पेटी, रात्री दोन वाजतासुद्धा पुन्हा उघडता येतं, आणि आपण ते उघडतोच.

मी नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत पॅनल मेंटेनन्सला होतो, आता सिडकोतल्या घरी एका खोलीत मिक्सिंग करतो. गणपतीआधी ढोल पथकांची कामं येतात, चैत्राच्या यात्रेआधी आणि नवरात्राआधी वणीच्या देवीची गाणी, मधल्या काळात हळदीची. त्यामुळे पुढची उदाहरणं ढोल, ताशा आणि संबळाचीच असतील. सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरतो, तुमचं वेगळं असलं तरी पद्धत हीच.

काय लागतं

इंटरफेसला, म्हणजे कंप्युटर आणि बाहेरच्या वायरींमधल्या डब्याला, किमान चार लाइन आउटपुट हवेत. दोन स्पीकरला जातात, उरलेले दोन पेटीकडे. परत येण्यासाठी दोन मोकळे लाइन इनपुट हवेत. इथे लाइन म्हणजे लाइनच, माइकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्पमधून परत आणायचं नाही. दोनच आउटपुटचा इंटरफेस असेल तर स्पीकरच्या वायरी काढून हेडफोनवर काम निघतं, पण त्याचा लवकरच वैताग येतो. शिवाय टीआरएस जॅकच्या, म्हणजे टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन भाग असलेल्या, चार बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट कमी पकडणाऱ्या) केबल्स. त्या स्वतः सोल्डर करता आल्या तर पैसे वाचतात आणि कुठली केबल बोंबलली हे शोधणंही सोपं जातं.

पहिली पेटी कुठली? माझं मत: दोन चॅनलचा साधा व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा) कॉम्प्रेसर, ज्याला दोन्ही चॅनल जोडणारं लिंकचं बटण आहे. तो एकेका आवाजाला चालतो, ढोलाच्या ग्रुपला चालतो आणि पूर्ण मिक्सवरही लावता येतो. नावाजलेल्या पेट्यांच्या नकला आता स्वस्त झाल्या आहेत, त्यामुळे मोह होतो. अमेरिकन ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणलेला ११७६ हा एफईटी (ट्रान्झिस्टरवाला) कॉम्प्रेसर विजेसारखा आहे. त्याचा अटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद, आणि नॉब उलटा: उजवीकडे फिरवाल तसा वेगवान. एलए-२ए या ऑप्टो (प्रकाशावर चालणाऱ्या) पेटीला मुख्य नॉब दोनच, गेन आणि पीक रिडक्शन. ती दाबते सावकाश आणि सोडते त्याहून सावकाश. निम्मा दाब साधारण ६० मिलिसेकंदांत सुटतो, उरलेल्याला काही सेकंदही लागतात. गायनाला ही सुंदर बसते, ताशावर लावली तर ताशा गुदमरतो. दोन्ही पेट्या छान आहेत, पण त्या दुसरी-तिसरी पेटी म्हणून घ्या.

समिंग मिक्सरवर मात्र पैसे घालू नका. सोळा ट्रॅक बाहेर नेऊन वायरींमध्ये बेरीज करायची आणि परत आणायचं, एवढंच ते काम. सॉफ्टवेअर हीच बेरीज चोख करतं. त्या पैशात चांगली केबल, एक माइक आणि खोलीला जाड पडदे येतील.

पेटी लावण्याआधी भिंतीतला सॉकेट

नवीन पेटी जोडली की घूंऽऽ सुरू होतं आणि लोक पेटीला शिव्या देतात. बहुतेक वेळा पेटी निर्दोष असते. कंप्युटर एका सॉकेटवर, पेटी दुसऱ्यावर, स्पीकर तिसऱ्यावर, आणि तिघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेलेलं. केबलच्या शील्डमधून त्या वाटांचा वळसा पूर्ण होतो आणि ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतला घुमारा ऐकू येतो. म्हणून सगळं एकाच सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. हम घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. तसं कधीही करू नका. पेटीच्या आत काही बिघडलं तर तिच्या लोखंडी अंगावर २३० व्होल्ट येतील आणि तुमचा हात नॉबवर असेल. बॅलन्स्ड केबलने भागलं नाही तर मध्ये १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, वळसा तिथे तुटतो. भिंतीतलं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचलंय का, हे वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचा सॉकेट असतो आणि मागे तिसरी वायरच नसते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणखी एक: परदेशातून कुणी पेटी आणून दिली असेल तर मागचा व्होल्टेजचा खटका ११५ वर आहे की २३० वर, हे प्लग लावण्याआधी बघा. घरात चौकोनी वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर लाइट गेल्यावर त्यावर मिक्सिंग करू नका, ती चरचर रेकॉर्डिंगमध्ये शिरते. साइन वेव्हवाला असेल तर हरकत नाही.

लेव्हल: इथे घाई नको

कंप्युटरमध्ये सर्वात वरची पायरी शून्य डीबीएफएस (डिजिटल लेव्हलचं माप), तिच्यावर काही नाही. ॲनलॉग पेटीची सोयीची लेव्हल अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. पेटीवर व्हीयू (सरासरी आवाज दाखवणारं काट्याचं) मीटर असेल तर या लेव्हलला काटा सहसा शून्यावर येतो. या दोन मोजपट्ट्या एकमेकींना कुठे जुळतात, ते प्रत्येक इंटरफेसवर वेगळं असतं. ‘उणे १८ म्हणजे व्हीयूचा शून्य’ असं सगळीकडे ऐकाल, पण ते तुमच्या इंटरफेसला लागू असेलच असं नाही.

माहितीपत्रकात लाइन आउटपुटची कमाल लेव्हल बघा आणि त्यातून ४ वजा करा. कमाल अधिक २० डीबीयू असेल तर उणे १६ डीबीएफएसला तुमच्या पेटीला अधिक ४ मिळणार. कमाल २४ असेल तर उणे २०, कमाल १६ असेल तर उणे १२. झालं गणित.

मी तरी मल्टिमीटर लावतोच, जुनी खोड. सॉफ्टवेअरमधून १०० हर्ट्झचा साइन टोन सोडा. १ किलोहर्ट्झ नको. साधे मल्टिमीटर घरगुती ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचा आकडा दाखवतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, आउटपुटला लावलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाच्या टिप आणि रिंगला प्रोब लावा, आणि मीटर १.२३ दाखवेपर्यंत टोनचा फेडर हलवा. तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये जो आकडा असेल तो कागदावर लिहून पेटीला चिकटवा. स्पीकरच्या आवाजाचा मोठा नॉब या आउटपुटला लागू होत नाही ना, हेही याच वेळी तपासून घ्या. पुष्कळ इंटरफेसमध्ये तो फक्त पहिल्या जोडीवर चालतो, काहींमध्ये सगळ्यांवर.

आता पेटी बायपासवर, म्हणजे आवाज न दाबता नुसता पुढे जाऊ देण्यावर, टाकून केबल पूर्ण जोडा. टोन जितका बाहेर गेला तितकाच परत आला पाहिजे. उणे १६ गेला तर उणे १६च. कमी-जास्त असेल तर इनपुटचा गेन हलवून जुळवा. काही पेट्यांच्या मागे अधिक ४ आणि उणे १० असा खटका असतो. तो अधिक ४ वरच ठेवा. या दोन लेव्हलमध्ये जवळजवळ १२ डेसिबलचा फरक आहे आणि खटका चुकीचा असेल तर डोकं खाजवत बसाल.

ढोलासाठी एक वेगळी सूचना. व्हीयूच्या काट्याला पूर्ण चढायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. टिपरूचा ठोका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. म्हणून काटा उणे ५ वर निवांत डुलत असतो आणि आत ठोक्याची टोकं छाटली जात असतात. ढोल, ताशा, संबळ बाहेर पाठवताना काट्याकडे न बघता सॉफ्टवेअरचं पीक मीटर बघा. अधिक ४ साठी तुमचा आकडा उणे १६ असेल, तर उणे ४ चा पीक पेटीत अधिक १६ डीबीयूने शिरतो. पेटी तेवढं झेलते का, ते तिच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं.

उशीर मोजणं

आवाज इंटरफेसमधून बाहेर जाऊन परत यायला वेळ लागतो. दोन कन्व्हर्टर (डिजिटल-ॲनलॉग बदल करणारे) आणि बफर (कंप्युटर आवाज थोडा साठवतो तो टप्पा) मिळून काही मिलिसेकंद सहज जातात. पूर्ण ट्रॅक पेटीतून जात असेल आणि तो थोडा मागे पडला तर ताल बिघडल्यासारखं वाटतं. मूळ ट्रॅक आणि पेटीतून आलेला ट्रॅक एकत्र वाजवलात तर मात्र पंचाईत होते. ४८ किलोहर्ट्झवर नुसत्या १० सॅम्पलचा (आवाजाच्या डिजिटल नोंदींचा) फरक पडला, म्हणजे ०.२ मिलिसेकंद, तर २४०० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो आणि वर ओळीने आणखी. नेमका ताशाच्या काड्यांचा कडकडाट तिथे असतो. ताशा नळीतून वाजतोय असं वाटलं की समजा हेच झालंय.

उपाय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. रीपरमध्ये रीइन्सर्ट, लॉजिकमध्ये आय/ओ, क्यूबेस प्रोमध्ये एक्स्टर्नल एफएक्स. ट्रॅकवर हे टाका, पेटीचे आउटपुट-इनपुट निवडा, स्पीकर म्यूट करा आणि पिंग करा. सॉफ्टवेअर एक टिचकी बाहेर पाठवतं, ती परत कधी आली ते मोजतं आणि तेवढी भरपाई करतं. एबलटन लाइव्हच्या एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्टमध्ये आकडा हाताने भरायचा असतो. पिंग करताना पेटी बायपासवर हवी. बफर बदलला, सॅम्पल रेट बदलला की पुन्हा पिंग.

त्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पडताळा सोपा आहे: एक ताशाचा ट्रॅक घ्या, त्याची प्रत करा, प्रत बायपास असलेल्या पेटीतून फिरवून रेकॉर्ड करा, तिची पोलॅरिटी (लाटेचं वर-खाली) उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. जुळलं असेल तर जवळजवळ शांतता. बारीक चिर्रर्र ऐकू येत असेल तर प्रत एकेका सॅम्पलने पुढेमागे सरकवा, जिथे आवाज सर्वात कमी होईल ती खरी जागा.

ढोल

पथकातला मुलगा येतो आणि म्हणतो, ‘काका, ढोल छातीत वाजला पाहिजे.’ त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण तो मोबाइलवर ऐकणार आहे आणि मिरवणुकीत ट्रकवरच्या स्पीकरवर. मोबाइलवर ढोलाचा तळ पोचतच नाही. तिथे ढोल ओळखू येतो तो टिपरूच्या टोकामुळे.

सगळे ढोल एका ग्रुपमध्ये घ्या. पेटीच्या आधी प्लगइनने ३० हर्ट्झच्या खालचं कापा, कारण ऐकू न येणारी गुरगुरसुद्धा कॉम्प्रेसरला दाबायला लावते आणि मग ठोका आला की पेटी आधीच दमलेली असते. लिंकचं बटण चालू ठेवा. बंद ठेवलंत तर डावीकडचा ढोल जोरात वाजला की फक्त डावं चॅनल दबतं आणि मधला आवाज उजवीकडे सरकतो. रेशो, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, ४:१, अटॅक सावकाश, ३० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे टिपरूचं टोक सुटून जाईल आणि मागचा घुमारा दबेल. रिलीज, म्हणजे दाब सुटायचा वेळ, तालावर ठरवा: गेन रिडक्शनचा (किती दबलं ते दाखवणारा) दिवा पुढच्या ठोक्याआधी विझला पाहिजे. चार ते सहा डेसिबल रिडक्शन पुरे. मग ताशा आत घ्या. ताशाला मी बाहेर पाठवत नाही, त्याला प्लगइनच बरं, तिथे मला पुढचं बघून दाबणारा लिमिटर हवा असतो आणि ॲनलॉग पेटीला पुढचं दिसत नाही.

संबळ हे दोन वेगळ्या आवाजांचं जोडवाद्य. शक्य असेल तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या माइकवर घ्या आणि फक्त खर्जाची बाजू पेटीतून काढा. संबळाची चढी बाजू दाबली की गोंधळाचा सगळा रंगच जातो.

तुलना करताना पेटीचा मेकअप गेन (दबलेला आवाज परत वाढवणारा नॉब) असा ठेवा की चालू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी राहील. एलयूएफएस (कानाला जाणवणारी पातळी मोजणारं) मीटर लावून अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवा. नुसतं मोठं झालेलं नेहमीच चांगलं वाटतं. पेटी विकणाऱ्यालाही हे माहीत असतं.

गायन

गायनाचं थोडक्यात सांगतो. आधी सॉफ्टवेअरमध्ये साफसफाई: ८० हर्ट्झखाली कापणं, स-शचे फवारे आवरणं, मोठे चढ-उतार हाताने फेडरवर सारखे करणं. हे काम पेटीवर टाकू नका. मग पेटी, ३:१, तीन ते चार डेसिबल. रिव्हर्ब, डिले, उरलेला ईक्यू सगळं परत आल्यावर. देवीच्या गाण्यात मागे कोरस असतो, तो पूर्ण डिजिटलमध्येच ठेवतो. मुख्य आवाज पेटीतून गेलेला आणि कोरस न गेलेला, यामुळे पुढे-मागे आपोआप होतं.

प्रिंट करा, त्याच दिवशी

पेटी वेगात चालत नाही. प्लगइनचं गाणं कंप्युटर काही सेकंदांत बाहेर काढतो. पेटीतून जाणारं पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटं घेतं. रेंडरच्या खिडकीत ऑनलाइन रेंडर (गाण्याच्याच वेगात चालणारं) निवडलं नाही तर पेटीचा ट्रॅक मुका येईल. पण रेंडरपर्यंत थांबूच नका. सेटिंग पटलं की परत येणारा आवाज नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. गाण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन आवर्तनं मोकळी सोडा, म्हणजे शेवटचा घुमारा छाटला जाणार नाही. ट्रॅकच्या नावात ‘प्रिंट’ हा शब्द आणि तारीख टाका. मूळ ट्रॅक म्यूट करून ठेवा, पुसू नका. मग ट्रॅकवर टाकलेलं पेटीचं इन्सर्ट बंद. आता पेटी दुसऱ्या ट्रॅकला मोकळी झाली, म्हणजे एकाच पेटीवर आधी ढोल, मग गायन, मग पूर्ण मिक्स असं सगळं करता येतं.

प्रिंट करण्याआधी नॉबचा मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढा, दिवा लावून. तिरका फोटो काही कामाचा नाही, दोन वाजताची खूण अडीचची दिसते. फोटो गाण्याच्या फोल्डरमध्येच ठेवा. दोन महिन्यांनी पथकाचा फोन येतोच: ‘काका, तेच पण थोडं कमी.’

पूर्ण मिक्सवर लावायचं असेल तर २:१, अटॅक ३०, रिलीज ऑटो, जास्तीत जास्त दोन डेसिबल. हे मिक्सच्या सुरुवातीलाच लावा आणि त्यातूनच ऐकत काम करा. शेवटी लावलंत तर जुळवलेले फेडर पुन्हा जुळवावे लागतील.

जिना हीसुद्धा ॲनलॉग पेटीच

बिल पुटनम यांनी १९४७ मध्ये शिकागोत स्टुडिओच्या बाथरूमचा इको चेंबर केला होता. आवाज स्पीकरने आत सोडायचा, माइकने परत घ्यायचा. आमच्या बिल्डिंगचा जिना त्याहून मोठा आहे. शहाबादी फरशी, चुना मारलेल्या भिंती, वर स्लॅब, लिफ्ट नाही. कुठलाही पैसा न घालता मिळणारं हे सर्वात चांगलं हार्डवेअर आहे, आणि गंमत म्हणजे बहुतेकांकडे ते असतं.

गायनाच्या ट्रॅकवरून सेंड (आवाजाची वेगळी शाखा) घ्या, २०० हर्ट्झखाली कापा, नाहीतर जिना फक्त घुमतो. सेंड त्याच रिकाम्या आउटपुटवरून एका ॲक्टिव्ह स्पीकरला द्या. स्पीकर खालच्या वळणावर, तोंड भिंतीकडे. माइक एक मजला वर, स्पीकरकडे पाठ करून. थेट आवाज माइकला मिळता कामा नये. लांब केबल बॅलन्स्डच हवी. कंडेन्सर माइक असेल तर इथे तो प्रीॲम्पलाच लावायचा आणि फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू करायचा. परत आलेला आवाज पूर्ण ओला, म्हणजे फक्त घुमलेला, घ्या आणि मूळ गायनाखाली जरासा मिसळा. इथे पिंगची गरज नाही. रिव्हर्बला थोडा उशीर होणं चांगलंच, आणखी हवा असेल तर ट्रॅक २०-३० मिलिसेकंद मागे सरकवा.

वेळ दुपारची निवडा, दोन ते चार. शेजारच्या काकूंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या मधेच विचारायला येतात आणि त्यांचा आवाज देवीच्या आरतीत कायमचा बसतो. पार्किंगमध्ये स्कूटर सुरू झाली तर तेवढा भाग पुन्हा घ्या. पावसाळ्यात जिन्यात पाण्याची टपटप असते, तेव्हा हा उद्योग दिवाळीनंतरवर ढकला.

कॅसेट डेकमधून आवाज फिरवायची हौस असेल तर बुधवारच्या बाजारात जुना डेक शोधा, पण त्याचा वेग थोडा-थोडा डुलतो, त्यामुळे मूळ ट्रॅकशी सॅम्पलच्या हिशोबाने जुळणं विसरा. एखाद्या तुणतुण्याला किंवा हार्मोनियमच्या सुरावटीला तो डुलणारा रंग शोभतो, ढोलाला नाही. डेकचे आरसीए उणे १० लेव्हलचे असतात, आउटपुट बारा डेसिबल उतरवूनच द्या.

पावसाळा संपला की जॅक आणि नॉब कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. चार महिने ओल खाल्लेला जॅक आधी एका बाजूचा आवाज गायब करतो, मग हलवला की परत आणतो. पेटी बंद करून, प्लग काढून, फवारा अगदी थोडा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत भरपूर वेळा फिरवा. वाळेपर्यंत चालू करू नका.